कायम प्राध्यापकी, तासिका की मुंबई? सोलापुरात राहून सिनेमा करू पाहणाऱ्यांसाठी

एमए झालं, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा निघाली आणि मनात मात्र सिनेमा, अशी दोन-चार मुलं दरवर्षी भेटतात. प्रश्न ठरलेला: सर, नोकरी धरू की मुंबई गाठू? मी चौदा वर्षं वर्गात शिकवतोय आणि पहाटे पटकथा लिहितोय. माझं मत असं, की आधी स्वतःला विचारा, तुम्हाला लिहायचंय की दिग्दर्शन करायचंय? बाकीची सगळी तुलना या उत्तरावरून ठरते.

कायम नोकरीचं गणित आधी बघू. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि वर्षाला १८० अध्यापन दिवस धरलेत. कागदावर निम्मं वर्ष मोकळं दिसतं. त्यातून पेपर तपासणी, प्रवेश, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या, फायली आणि निवडणुकीचं काम वजा करा. उरतो तो दिवाळीचा तुकडा आणि मे महिना.

लिहिणाऱ्याला एवढं पुरतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. पहिलं लेक्चर साडेसातला असलं, तरी पाचला उठून रोज दोन पानं होतात. दोन महिन्यांत पहिला खर्डा हातात येतो. पुनर्लेखनाला वर्ष जाईल, पण तेही पहाटेच होतं. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्राचं काम करत असतानाच नाटकं लिहीत होते आणि १९७७ च्या ‘जैत रे जैत’ची पटकथाही त्याच काळातली. निर्मात्याला कथा ऐकवायला मुंबईत खोली घ्यावी लागत नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं, दिवसभर भेटी उरकायच्या, रात्री परत. एका किरकोळ रजेत (सीएल) काम होतं. रोजची मालिका मात्र नोकरी सांभाळून लिहायला घेऊ नका. रात्री सीन मागतात आणि सकाळी तो सेटवर लागतो.

दिग्दर्शकाला ही नोकरी आवळते. मी तीन उन्हाळ्यांत मिळून एक माहितीपट केला, पूर्व भागातल्या यंत्रमागांवर. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. सहा ते साडेनऊ एवढाच उजेड चांगला. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये कॅमेरा तापून बंद पडायचा. मागाच्या खडखडाटात मुलाखतीचा एक शब्द ऐकू यायचा नाही, म्हणून पहिल्या वर्षीचा सगळा आवाज फेकून द्यावा लागला. तो सुधारायला पुढचा मे उजाडायची वाट पाहिली. तोवर ज्या आजोबांवर सगळं उभं होतं, त्यांनी माग विकून टाकला होता.

शिवाय इथले विषय सुट्टी बघून येत नाहीत. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, जानेवारीत, ऐन सत्रात. आषाढी वारी पंढरपुरात पोहोचते तेव्हा कॉलेजात प्रवेशाची धांदल. एकदा मी या यात्रेतल्या, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याच्या चित्रीकरणासाठी कॉलेजकडे ऑक्टोबरातच परवानगीचा अर्ज दिला. तो टेबलावर पडून राहिला. मिरवणुकीतले सात नंदीध्वज माझ्याशिवाय निघून गेले, आणि सही झाली फेब्रुवारीत. हे दुःख अजून गेलेलं नाही. म्हणून सांगतो, मानधन असो वा नसो, बाहेरच्या कामाची परवानगी लेखी घ्या आणि पाठपुरावा सोडू नका.

जब्बार पटेलांचं उदाहरण हमखास दिलं जातं. सोलापुरात शिकले, दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवला आणि सिनेमेही केले. पण दवाखाना स्वतःचा असतो, महिनाभर दार लावून घेता येतं. वर्गाचं दार तुमच्या हातात नसतं. त्याच रेल्वेमार्गावर दौंडच्या अलीकडे जेऊर लागतं, नागराज मंजुळेंचं गाव. आपल्याच मातीतला सिनेमा मोठा होतो याचा तो पुरावा आहे, पण त्यांच्यामागे प्राध्यापकीचं टाइमटेबल नव्हतं.

मग तासिका तत्त्व, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन देणारी तात्पुरती नेमणूक? दिग्दर्शन करणाऱ्याला दोन-तीन वर्षं हा मार्ग खरंच बरा पडतो. शिकवण्याचा हात सुटत नाही, विद्यार्थ्यांतून साहाय्यक मिळतात आणि शूटिंग लागलं तर एखादं सत्र सोडता येतं. मोल मात्र जबर आहे. नेमणूक दरवर्षी नव्याने, सुट्टीचा पैसा नाही.

थेट मुंबईबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथे मी राहिलेलो नाही. साहाय्यक दिग्दर्शक म्हणून सेटवर दोन वर्षं काढलेले माझे विद्यार्थी कामात माझ्यापुढे गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वय पंचविशीच्या आत असेल आणि दिग्दर्शनच करायचं असेल, तर आधी तिकडे जा. नेट-सेटचं प्रमाणपत्र नंतरही चालतं.

लिहायचं असेल तर कायम जागेची जाहिरात येताच अर्ज करा, मागेपुढे पाहू नका. आणि घरात दुसरा पगार नसेल, तर तासिका आणि दिग्दर्शन ही जोडी धरू नका. तासिकेचं मानधन कित्येकदा चार-सहा महिन्यांनी हातात पडतं. लाइटवाल्या पोरांचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावे लागतात.