ऑफिसातला सर्व्हर, भाड्याचा सर्व्हर की तयार सेवा? लहान सीए ऑफिससाठी क्लाउडची तुलना

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत चालणारे संगणक. ते आपण इंटरनेटवरून वापरायचे आणि वापरू तेवढं भाडं द्यायचं. या इमारती महाराष्ट्रातही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं ‘सेंट्रल इंडिया’ नावाचं केंद्र पुण्यात आहे, ते २०१५ साली सुरू झालं. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं मुंबई केंद्र २०१६ पासून आणि गूगल क्लाउडचं २०१७ पासून चालू आहे.

सुरुवात करणाऱ्याला क्लाउड समजून घ्यायचा तर एखादा खरा निर्णय समोर ठेवलेला बरा. समजा सांगली किंवा लातूरसारख्या शहरात पंधरा माणसांचं सीए ऑफिस आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा कोपऱ्यातल्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक संगणकावर आहे आणि तो सर्व्हर आता थकलाय. पुढे तीन रस्ते आहेत. एक, तसाच नवा सर्व्हर घेणं. दोन, एडब्ल्यूएस किंवा अझूरवर एक विंडोज सर्व्हर भाड्याने घेऊन टॅली तिथे चालवणं. तीन, झोहो बुक्ससारखी तयार सेवा घेणं, जिथे सर्व्हर आपल्याला दिसतच नाही, फक्त लॉगिन मिळतं. तांत्रिक भाषेत दुसऱ्याला ‘आयएएएस’ आणि तिसऱ्याला ‘सास’ म्हणतात. या दोघांच्या मधला ‘पास’ हा प्रकार स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कामाचा, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

कोणतं काम कोणाकडे

बहुतेक जण पहिल्यांदा दर विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे, कारण पश्चात्ताप होतो तो बहुधा इथेच.

ऑफिसात सर्व्हर असेल तर सगळं तुमच्याकडे: वीज गेली तर यूपीएस, बॅटऱ्या बदलणं, हार्ड डिस्क, विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरस, बॅकअप. सर्व्हर भाड्याने घेतला की वीज, यंत्र आणि इमारत त्यांची. पण विंडोजचे अपडेट तुमचेच, पासवर्ड तुमचे, फायरवॉल (बाहेरून कोण आत येऊ शकतं हे ठरवणारी भिंत) तुमची, बॅकअपही तुमचाच. हे नवख्या माणसाला कुणी ठासून सांगत नाही. ‘क्लाउडवर टाकलं’ म्हणजे कुणीतरी डेटा सांभाळतंय असा समज होतो, आणि इकडे रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा वापरण्याच्या सोयीचा दरवाजा सगळ्या जगासाठी उघडा पडलेला असतो. असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात आणि रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, अनेकदा याच वाटेने आत शिरतं. भाड्याचा सर्व्हर घ्यायचा असेल तर तो व्हीपीएनच्या (फक्त आपल्या माणसांसाठीच्या खासगी वाटेच्या) मागे ठेवायचा आणि प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरी खूण, लावायची. एवढं करणारा माणूस हाताशी नसेल तर हा पर्याय घेऊ नका, असंच मी सांगेन.

तयार सेवेत अपडेट, यंत्रं, मूळ सुरक्षा हे सगळं कंपनी बघते. तुमच्याकडे उरतं ते कोणाला काय दिसावं हे ठरवणं, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करणं आणि डेटाची एक प्रत स्वतःकडे ठेवणं.

पैसे

स्वतःच्या सर्व्हरचा खर्च एकदम होतो आणि मग दिसेनासा होतो. कोटेशनमध्ये यंत्र असतं, पण विंडोज सर्व्हरचा परवाना, वापरणाऱ्या प्रत्येकासाठीचा वेगळा परवाना, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि खोलीतला एसी हे वेगळं धरावं लागतं. वीज कुणी मोजत नाही. सरासरी १५० वॉट खाणारा सर्व्हर दिवसरात्र चालला तर महिन्याला १०८ युनिट होतात.

भाड्याच्या सर्व्हरचा हिशेब उलटा: सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, मग तो जितका वेळ चालू तितकं भाडं. महिन्याचे साधारण ७३० तास असतात. ऑफिस दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस चालत असेल तर सर्व्हर लागतो २६० तास. रात्री आणि रविवारी आपोआप बंद होण्याची वेळ लावून दिली की यंत्राचं भाडं जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. जुलै आणि सप्टेंबरच्या घाईत मोठं यंत्र घ्यायचं, ऑक्टोबर सरला की लहान करायचं. स्वतःच्या सर्व्हरला ही सोय नाही. तो घाईच्या दिवसांच्या मापानेच विकत घ्यावा लागतो.

पण बिलातल्या बारीक ओळी बघा. यंत्र बंद असलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याचे (इंटरनेटवरून यंत्र सापडण्याच्या पत्त्याचे) ताशी ०.००५ डॉलर घेतं. अझूरमध्ये विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मीटर थांबत नाही. अझूरच्या वेबसाइटवर जाऊन यंत्र ‘डीअलोकेट’ करावं, म्हणजे परत सोडून द्यावं लागतं. डेटा आत पाठवणं फुकट असतं, बाहेर काढण्याला ठरावीक मर्यादेनंतर पैसे लागतात. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ज्याचं इनपुट क्रेडिट कसं घ्यायचं हे सीए ऑफिसला सांगायला नको. खातं उघडल्यावर पहिलं काम बजेटचा इशारा लावणं, म्हणजे ठरलेली रक्कम ओलांडली की ईमेल येतो.

क्लाउड नेहमीच स्वस्त असतो असं मात्र मानू नका. ‘३७सिग्नल्स’ या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं २०२२ सालचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्यांचं काम वर्षभर एकसारखं चालणारं, ते सांभाळणारे जाणकार घरातच, म्हणून त्यांनी स्वतःची यंत्रं घेऊन क्लाउड सोडला. ज्यांचं काम चढउताराचं आणि तंत्रज्ञ घरात नाही, त्यांना हा हिशेब लागू पडत नाही.

तयार सेवेचं बिल सगळ्यात सोपं: वापरणाऱ्या माणसांवर आणि योजनेवर दरमहा किंवा दरवर्षी. माणसं वाढली की बिल वाढतं.

बंद पडलं तर

बंद तिन्ही पडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि तिथलं काम दोन आठवडे कागदावर चाललं. २० ऑक्टोबर २०२५ ला एडब्ल्यूएसच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात बिघाड झाला आणि जगभरची अनेक अ‍ॅप काही तास अडली. एका सुट्या यंत्रासाठी एडब्ल्यूएस महिन्याला ९९.५ टक्के चालू राहण्याची हमी देतं. उरलेला अर्धा टक्का म्हणजे साडेतीन तासांहून अधिक. त्याखाली गेलं तर बिलात सूट मिळते. नेमके ते तास वीस तारखेला, जीएसटीआर-३बी भरताना आले, तर त्या नुकसानाची भरपाई कुणी देत नाही.

बॅकअपबद्दल १० मार्च २०२१ ची एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत जळून गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या काहींचा डेटा कायमचा गेला. तुमच्या मुंबईतल्या सर्व्हरची प्रत पुण्यात, हैदराबादेत किंवा ऑफिसच्या कपाटातल्या डिस्कवर असायलाच हवी. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या अशिलांच्या बाबतीत हा नियमही आहे: कंपनी कायद्याच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. म्हणून यंत्र घेताना केंद्र मुंबई किंवा पुणे निवडा.

इंटरनेटची गरज उघड आहे. क्लाउडवर जाणार असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या, निदान मोबाइल हॉटस्पॉटची सोय तरी ठेवा.

बाहेर पडताना

टॅली भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर डेटाचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेता येतो. तयार सेवेतून निघताना नोंदी सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये मिळतात, पण जोडलेली बिलं, कोणी कधी काय बदललं याची नोंद आणि तुम्ही बसवलेली मांडणी तशीच्या तशी सोबत येईल असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी, चाचणीच्या मुदतीतच ‘एक्स्पोर्ट’ करून बघा.

मी काय सुचवेन

सगळे एकाच जागी बसतात, इंटरनेट भरवशाचं नाही आणि हार्डवेअरवाला हाकेच्या अंतरावर आहे: ऑफिसातला सर्व्हर ठेवा, पण रोजचा बॅकअप क्लाउडवर पाठवा. अशिलांची खाती टॅलीतच हवीत, शाखा दोन आहेत किंवा काही जण घरून काम करतात, आणि महिन्याला ठरावीक पैसे घेऊन सर्व्हर सांभाळणारा जाणकार मिळतो: भाड्याचा सर्व्हर. नवं ऑफिस, मोजकी माणसं, जुन्या डेटाचं ओझं नाही: सरळ तयार सेवा.

बदल घाईच्या दिवसांत करू नका, नोव्हेंबर-डिसेंबर बरे. आधी एकाच अशिलाचा डेटा न्या आणि महिनाभर दोन्हीकडे काम करा. मग क्लाउडवरचा बॅकअप एका वेगळ्या संगणकावर उतरवून उघडा आणि ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळतो का ते पाहा. जुळला तर बाकीचे अशील हलवा.