शोपीससारखा दिसणारा प्रोजेक्टर घेतला आणि ६२ हजारांना फसलो

हे लिहायला मला वेळ लागला कारण आधी राग एवढा होता की नीट सांगताच येत नव्हतं. आम्ही ठाण्यात राहतो, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे. दिवाळी २०२५ च्या आधी हॉलसाठी एक प्रोजेक्टर घेतला आणि त्यात आमचे ६२ हजार गेले. आजूबाजूच्या नवीन बिल्डिंगमध्ये आता जो तो हॉलचं इंटिरियर करतोय आणि टीव्हीच्या जागी प्रोजेक्टर घेऊ म्हणतोय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमच्या हॉलचं काम नुकतंच झालं होतं. एका भिंतीवर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वारली काढलीये, तीन आठवडे स्टुलावर बसून, आणि येऊरच्या बाजूला मोठी खिडकी आहे, संध्याकाळी ऊन सरळ आत येतं. अशा हॉलमध्ये मला ५५ इंची टीव्ही नको होता. बंद टीव्ही म्हणजे दिवसभर भिंतीवर एक काळी फळी. म्हणून समोरची भिंत मोकळी सोडून बदामी रंग दिला आणि ठरवलं की प्रोजेक्टरच घ्यायचा, पण तोही मशीनसारखा दिसायला नको, पुस्तकांच्या कपाटात ठेवला तर कळायलाही नको.

दसरा झाल्यावर इथेच एका गृहसजावटीच्या प्रदर्शनात गेलो होतो, तिथे एका स्टॉलवर नेमकं तेच होतं जे माझ्या मनात होतं. सागवानी रंगाची पेटी, पुढे वेताची जाळी, बघून कोणीही म्हणेल की जुन्या काळचा रेडिओ आहे नाहीतर दागिन्यांचा डबा. काळ्या कापडाचा तंबू केलेला, आत १०० इंचाचा पडदा, त्यावर कासवं आणि प्रवाळ असले समुद्राखालचे व्हिडिओ, रंग असे की बघत राहावं. पेटी पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर टेबलावर होती आणि पडद्याच्या खाली एक लांबट लाकडी कन्सोल, त्यावर दोन फुलदाण्या आणि एक समई.

स्टॉलवरचा माणूस मराठीच, बोलायला गोड. ताई ताई करत म्हणाला आत लेझर आहे, फोर के आहे, नऊ हजार ल्युमेन आहे (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), दिवसा खिडकीचे पडदे उघडे ठेवून बघा. आणि जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय म्हणून ह्या दिवाळीत भाव खाली आहे, नंतर मिळणार नाही. जीएसटीचं खरं होतं, २२ सप्टेंबरपासून प्रोजेक्टरवरचा कर कमी झालाच होता, पेपरात वाचलेलं. एक गोष्ट खरी निघाली की माणूस बाकीच्या पण खऱ्या धरतो, आमचं तसंच झालं.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. आम्ही उभे असताना कोणाचा तरी चार-पाच वर्षांचा मुलगा पेटी आणि पडद्याच्या मधून पळत गेला आणि पडद्यावर सावली पडली नाही. मी नवऱ्याला म्हटलं पण, अरे सावली नाही पडली. तर तो माणूस लगेच म्हणाला, ताई, हीच तर टेक्नॉलॉजी आहे. आणि मी मान डोलावली.

टेबलावरच्या पेटीतून प्रकाश निघून आठ फूट लांब पडद्यावर जात असेल आणि मधून कोणी गेलं तर सावली पडणारच, ह्यात कुठली टेक्नॉलॉजी काही करू शकत नाही. सावली पडली नाही कारण चित्र त्या पेटीतून येतच नव्हतं. ते येत होतं पडद्याखालच्या कन्सोलमधून. अल्ट्रा शॉर्ट थ्रो म्हणून मशीन असतात, ते भिंतीपासून फूटभरावर ठेवले तरी खालून तिरका वर प्रकाश टाकून १०० इंचाचं चित्र करतात, समोरून माणूस गेला तरी अडत नाही. ते मशीन लाखाच्या वर जातं. फुलदाण्यांच्या मागे ते होतं आणि पेटीला नुसता एक दिवा लागलेला. पडदा पण साधा नव्हता, आजूबाजूचा उजेड अडवणारा करडा स्पेशल पडदा होता. हे सगळं आम्हाला महिन्याने कळलं.

पैसे द्यायच्या वेळी ३० हजार यूपीआय केले आणि ३२ हजार रोख, कारण कार्ड मशीन बंद आहे म्हणाला. यूपीआय करताना फोनवर दुकानाचं नाव नाही, कोणा बाईचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणे मालकांच्या मिसेसचं अकाउंट आहे. बिल दिलं त्यावर वर एस्टिमेट लिहिलेलं, म्हणजे कच्चं बिल, पण खाली जीएसटी नंबर छापलेला होता म्हणून आम्हाला पक्कंच वाटलं.

धनत्रयोदशीला डिलिव्हरी आली, रात्री नऊला. आम्ही दुपारी बोलावलं होतं, तो मुद्दाम रात्री आला हे आता कळतं. डिलिव्हरीच्या मुलाने पेटी कपाटात ठेवली, सगळे लाईट घालवले, पडदे ओढले, चित्र लावलं. ठीक होतं. स्टॉलवर होतं तसं नव्हतं, कडेची अक्षरं पुसट होती, काळा रंग राखाडी दिसत होता आणि पंख्याचा आवाज होता. तो म्हणाला नवीन लेझरला वॉर्म-अप लागतो, पंधरा दिवस रोज लावा, ब्राइटनेस आपोआप सेट होतो. असं काही नसतं, पहिल्या दिवशी दिसेल तेवढाच उजेड त्याच्यात असतो. पण आम्ही पंधरा दिवस थांबलो, आणि बिलावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की तक्रार सात दिवसांच्या आत.

मग २ नोव्हेंबर, महिला वर्ल्ड कपची फायनल, आणि ती पण इथेच नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. मी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं, १५-१६ माणसं, पोरींनी गालावर तिरंगे काढलेले. पावसामुळे मॅच पाचला सुरू झाली. बाहेर आभाळ होतं, ऊन नव्हतं, तरी खिडकीतून येणारा नुसता उजेड एवढा होता की भिंतीवर काहीतरी हलतंय एवढंच दिसत होतं. शेफाली चौके मारतेय आणि आम्हाला बॉल तर सोडाच, बॅट दिसत नव्हती, स्कोअर वाचता येत नव्हता. पडदे ओढले तरी फरक नाही. शेवटी समोरच्या काकू म्हणाल्या चला आमच्याकडे आणि सगळे उठून गेले, खुर्च्या पण घेऊन गेले. भारत जिंकला, बिल्डिंगखाली फटाके वाजले, माझी मुलगी तिकडे नाचत होती आणि मला घरी येऊन ती पेटी बघवत नव्हती.

पुढच्या रविवारी दिराचा एक मित्र आला, तो शाळा-ऑफिसांचे प्रोजेक्टर रिपेअर करतो, बरीच वर्षं मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला होता. त्याने पेटी उचलली आणि म्हणाला वहिनी, हे हलकं आहे हो फार. मागचे चार स्क्रू काढले. आत एक पांढरं प्लॅस्टिकचं मशीन, डबल टेपने पेटीच्या तळाला चिकटवलेलं, वेताच्या जाळीला आतून काळं कापड, म्हणजे गरम हवा बाहेर जायला वाटच नाही, टेप वितळून चिकट झालेली. मशीनच्या पाठीवर चंदेरी स्टिकर, लेझर फोर के ९००० ल्युमेन. त्याने नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरं स्टिकर. ते मी स्वतः वाचलं. एलईडी, आणि नेटिव्ह रेझोल्युशन, म्हणजे मशीनचे स्वतःचे ठिपके, १२८० बाय ७२०.

त्याने वहीत हिशोब करून दाखवला. फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. आमच्या मशीनमध्ये सव्वानऊ लाख. मेन्यूमध्ये फोर के दिसतं कारण ते फोर केचा व्हिडिओ आत घेऊ शकतं, मग आकसून तेवढ्याच ठिपक्यांत दाखवतं. जाहिरातीत फोर के सपोर्टेड लिहिलेलं असतं ते हेच, सपोर्टेड वेगळं आणि नेटिव्ह वेगळं, विचारायचं ते नेटिव्ह. त्यातून आमची पेटी कपाटात एका बाजूला होती, तिरकं चित्र चौकोनी करायला कीस्टोन लावला की त्या सव्वानऊ लाखांतले पण काही ठिपके वाया जातात.

मग त्याने पेन ड्राइव्हवरून एक चित्र लावलं, एक-एक ठिपक्याच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा, फोर के साईजच्या. खऱ्या फोर केवर जवळ जाऊन बघितलं तर रेघ न रेघ सुटी दिसते म्हणे. आमच्या भिंतीवर एकसारखा राखाडी चौकोन.

ल्युमेनचं पण मोजलं, त्याच्याकडे लक्समीटर होता, उजेड मोजायचं यंत्र. नुसता ल्युमेन हा शब्द कोणी काहीही लावून लिहितो, आतल्या दिव्याचा आकडा लिहितो, भिंतीवर किती पोचतं ते लिहीत नाही. अॅन्सी ल्युमेन म्हणून मोजमाप आहे, पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजायचा, सरासरी काढून चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. १०० इंचाचं चित्र म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. पडदे ओढून, अंधार करून आमची सरासरी आली ६८ लक्स. गुणिले पावणेतीन, १८७. नऊ हजार सांगितले होते, निघाले १८७.

नंतर त्याने प्रोजेक्टर बंद केला, पडदे उघडले आणि मोकळ्या भिंतीवर मीटर धरला, दुपारचे तीन वाजले होते, आकडा १५० च्या वर. म्हणजे आमचं मशीन भिंतीवर जेवढा उजेड टाकत होतं त्याच्या दुप्पट खिडकीतूनच येत होता. मला तेव्हा नीट कळलं की प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही, जिथे काळं दाखवायचं तिथे तो फक्त उजेड टाकत नाही, त्यामुळे भिंत जेवढी उजळ तेवढाच तुमचा काळा. माझी बदामी भिंत दिवसा जशी दिसते, तसा.

अॅडॉप्टर पण त्याने उलटा करून दाखवला. अशा अॅडॉप्टरवर आर ने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी नंबर असावा लागतो, बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनी कळते. आमच्यावर काही नव्हतं. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल, एमआरपी, हे सगळं कायद्याने पाहिजे, तेही नव्हतं, कोरा तपकिरी खोका. आणि बिलावरचा जीएसटी नंबर मी रात्री जीएसटीच्या साईटवर टाकला, सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्राचा, बरोबर, पण निघाला कपड्याच्या धंद्याचा आणि नोंदणी रद्द झालेली. हे बघायला दोन मिनिटं लागतात. प्रदर्शनात उभ्या उभ्या फोनवर बघता आलं असतं, आणि मी त्या दिवशी तिथे अर्धा तास वेताच्या जाळीचा रंग आमच्या कपाटाशी जुळतो का ह्यावर बोलत होते, सागवानी घेऊ की अक्रोड. स्टॉलवरच्या माणसाने मला तीन शेड काढून दाखवल्या. मशीन आतून दाखवा असं आम्ही एकदाही म्हटलं नाही. लपणारी वस्तू पाहिजे होती म्हणून लपलेलीच घेतली, फसवणारा त्या पेटीच्याच मागे उभा होता.

त्या माणसाचा फोन आधी लागायचा, मग म्हणाला सात दिवस होऊन गेले, मग आम्हीच पेटी उघडली म्हणून वॉरंटी गेली, आता नंबर बंद आहे. प्रदर्शनवाले म्हणतात आम्ही फक्त जागा देतो. मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळाला, पण समोरून उत्तरच नाही. म्हणून आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. रोख दिलेल्या ३२ हजारांचा पुरावा म्हणजे फक्त ते एस्टिमेट आणि त्याचा व्हॉट्सअॅपवर आलेला थँक यू ताई, फुल पेमेंट रिसीव्ड असा मेसेज. तो मेसेज मी डिलीट केला नव्हता हे नशीब. दोन्ही स्टिकरचे फोटो, उघडतानाचा व्हिडिओ, सगळं ठेवलंय, आणि पेटी परत स्क्रू लावून कपाटाच्या वर.

माझी नणंद खारघरला राहते, तिला पण हॉलमध्ये प्रोजेक्टरच पाहिजे, आणि मी नको म्हणत नाहीये, स्टॉलवरच्या त्या कन्सोलमधल्या मशीनचं चित्र खरंच सुंदर होतं. फक्त तिला सांगितलं की दुकानातल्या अंधारात बघू नकोस. दुपारी तीन वाजता, तुझ्या हॉलमध्ये, तुझ्या भिंतीवर, पडदे उघडे ठेवून, पेटीबिटी काढून नुसतं मशीन लावायला सांग, नेटिव्ह रेझोल्युशन आणि अॅन्सी ल्युमेन पक्क्या बिलावर लिहून दे म्हण, पैसे कार्डने. तिने दोन दुकानांना विचारलं. एकाने सांगितलं मॅडम, डेमो पीस बाहेर जात नाही. दुसरा वाशीचा, तो म्हणाला शनिवारी येतो, पण ताई, एवढ्या उजेडात तुम्हाला साध्या भिंतीवर नाही चालणार, स्पेशल पडदा लागेल, तो धरून बजेट सांगा. शनिवारी मी पण जातेय, दिराच्या मित्राकडून लक्समीटर मागून घेतलाय.