बौद्धिक भांडवल मोजायचं कसं: व्हीएआयसी की स्कँडियाचा नॅव्हिगेटर?

कर्मचाऱ्यांचं कौशल्य, कंपनीच्या कार्यपद्धती, ग्राहकांशी असलेलं नातं हे सगळं म्हणजे बौद्धिक भांडवल. ते ताळेबंदात फारसं दिसत नाही. मग त्याचा नफ्याशी संबंध कसा तपासणार?

अभ्यासकांचा सर्वात लाडका मार्ग म्हणजे आंटे पुलिच यांचा व्हीएआयसी, म्हणजे कंपनी आपल्या भांडवलातून किती मूल्य तयार करते हे सांगणारा निर्देशांक. यात पगार हा खर्च नसून गुंतवणूक मानतात. मूल्यवर्धन (उत्पन्नातून पगार सोडून बाकीचा बाहेरचा खर्च वजा करून उरतं ते) 100 आणि पगार 50 असेल, तर मानवी भांडवलाची कार्यक्षमता 2. उरलेले 50 म्हणजे संरचनात्मक भांडवल (कार्यपद्धती वगैरे), त्याला मूल्यवर्धनाने भागलं की त्याची कार्यक्षमता 0.5. या दोन्हींत वापरलेल्या भांडवलाची कार्यक्षमता (मूल्यवर्धन भागिले गुंतवलेलं भांडवल) मिळवली की झाला निर्देशांक. आकडे वार्षिक अहवालात आयते मिळतात, म्हणून शेकडो कंपन्यांची तुलना जमते. शोधनिबंधांचा पूर आला तो यामुळेच. पण गोम अशी की पहिला आकडा ठरला की दुसरा आपोआप ठरतो. नवं काहीच मोजलं जात नाही. 2011मध्ये संशोधक स्टाहले आणि सहकाऱ्यांनी यावर सडकून टीका केली. शिवाय पगार वाढवला म्हणून ज्ञान वाढतं का? सुधारित आवृत्तीत विपणन खर्चातून ग्राहकसंबंध धरतात. ही मला तरी मलमपट्टीच वाटते.

स्वीडनच्या स्कँडिया विमा कंपनीत लेफ एडविन्सन यांनी 1990च्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या नॅव्हिगेटर या मोजणीच्या आराखड्यात वित्त, ग्राहक, प्रक्रिया, नूतनीकरण आणि माणसं असे पाच पैलू. चित्र कितीतरी खरं, पण निर्देशक प्रत्येक कंपनीचे आपापले. त्यामुळे दोन कंपन्या शेजारी ठेवणं अवघड.

प्रबंधासाठी मोठा नमुना हवा असेल तर व्हीएआयसी घ्या, मर्यादा स्पष्ट लिहून. स्वतःची कंपनी समजून घ्यायची असेल तर नॅव्हिगेटरच.