पद्मिनीचं हलणारं स्टिअरिंग आणि माझे साडेअठरा हजार

गेल्या रविवारी इचलकरंजीहून एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या फियाटचं स्टिअरिंग हातात डुलतंय, मेस्त्री म्हणतोय अख्खा बॉक्स (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दात्यांची पेटी) बदलायला लागेल, वीस हजार तयार ठेवा. मेस्त्री कोण म्हणून विचारलं, तर मला फसवणारा तोच! म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर आपला बावळटपणा चारचौघांत कोण सांगतंय.

आमचीही फियाटच, प्रीमियर पद्मिनी, १९८१ची. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून बघून घेतलेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळं आमचा मुलगा तिला 'हाताची गाडी' म्हणतो. वडील गेल्यापासून मी ती महिन्यातून दोनदा रंकाळ्यापर्यंत फिरवून आणतो. पावसाळ्यानंतर लक्षात आलं, की स्टिअरिंगचं चाक धरून वर-खाली केलं की अख्खा कॉलम, म्हणजे चाकाखालची नळी, हलतोय. खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्डखाली खटखट, आणि गिअरचा दांडाही सोबत डुलायचा. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

ऑफिसातल्या एकानं हायवेच्या कडेचं एक शेड सुचवलं. तिथल्या मेस्त्रीनं गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. बाहेर उभा राहूनच चाकाला दोन हिसके दिले आणि म्हणाला, "बॉक्स संपलाय सायेब. घाटात चाक हातात येईल तुमच्या." झालं, माझ्या पोटात गोळा. मग पुढची गोळी: "आता मुंबईतल्या टॅक्स्या बी बंद झाल्या. माल येणार कुठनं? माझ्या ओळखीच्याकडं एकच पीस हाय, कुर्ल्याच्या कंपनीचा, न वापरलेला."

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निघाली हे खरं आहे. पण टॅक्स्या निघाल्या म्हणजे त्यांचे सुटे भाग भंगारात आले असतील, माल उलट वाढला असेल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. बापाची गाडी म्हटलं की माणूस हिशेब करत नाही, आणि हे त्या शेडवाल्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. बारा हजार रोख आधी दिले, काम झाल्यावर साडेसहा हजार यूपीआयनं. पावती म्हणजे वहीच्या फाडलेल्या पानावर 'बॉक्स + मजुरी' आणि एक रेघ.

नऊ दिवसांनी गाडी मिळाली. बॉनेट उघडून दाखवलं, बॉक्स काळा कुळकुळीत. जुना बॉक्स मागितला तर म्हणाला, "त्यो एक्स्चेंजला गेला की. तवा तर तुमाला दोन हजार कमी लावलं." चाक आता हलत नव्हतं, पण फिरवायला जड झालं होतं. "नवीन हाय, बसंल हळूहळू." मला पटलं. नवा जोडा चावतो तसं असेल, म्हटलं.

पुढच्या रविवारी आई आणि बायकोला घेऊन पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या वळणावर डावीकडं चाक वळवलं आणि सवयीनं हात ढिले सोडले. एरवी वळण संपलं की चाक आपोआप सरळ होतं. ते झालंच नाही, वळलेल्या जागीच अडकून राहिलं. समोरून एसटी! दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं तेव्हा घाम फुटला होता. आई मागून म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हटलं, काही नाही. तिथनंच गाडी वळवली आणि दुसऱ्या गिअरवर घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात एका वयस्कर मेस्त्रींकडं नेली. त्यांनी मला सीटवर बसवलं, "चाक दोन-दोन बोटं इकडं-तिकडं हलवत रहा, जास्त नको" म्हणाले आणि स्वतः गाडीखाली गेले. बॉक्स, टाय रॉडचे एंड, आयडलर, एकेका सांध्याला हात लावून कुठं ढिलेपणा आहे ते बघितलं. मग बाहेर येऊन मला अर्धा तास समजावलं. तो अर्धा तास मला आधी मिळाला असता तर!

दुखणी दोन आणि ती वेगळी. चाक थोडं फिरवूनही पुढची चाकं जागची हलत नसतील, तर दोष बॉक्समध्ये किंवा खालच्या सांध्यांत. चाक वर-खाली, आजूबाजूला हलत असेल, तर आधी बघायचा तो कॉलमला धरून ठेवणारा डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट, त्याचे बोल्ट आणि कॉलमच्या वरच्या तोंडाचा बुश, म्हणजे आतली गोल कडी. आणि गिअरचा दांडा सोबत डुलत असेल तर जवळजवळ नक्की तिथंच, कारण तो दांडा कॉलमलाच बसवलेला.

ब्रॅकेटमध्ये हात घालून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा घडी केलेला तुकडा काढला. तो ठोकून बसवला होता, म्हणून कॉलम हलत नव्हता. बोल्ट ढिलेच. मग स्क्रू ड्रायव्हरनं बॉक्सवरचा काळा रंग खरवडला. खाली जुनं ग्रीस, माती, आणि पंचनं मारलेले दोन ठिपके.

ते ठिपके वडिलांचे. १९९४ला बॉक्स उघडला तेव्हा त्यांनी मेस्त्रीसमोर स्वतः मारले होते, अदलाबदल होऊ नये म्हणून. मी तेव्हा त्यांना हसलो होतो. म्हणजे साडेअठरा हजार देऊन मी आमचाच बॉक्स विकत घेतला होता. वर त्यावरचा ॲडजस्टिंगचा स्क्रू इतका आवळलेला, की आतले दाते एकमेकांना घट्ट बसले आणि चाक वळणानंतर परत येईना. फसवलं ते फसवलं, पण त्या स्क्रूनं घाटात घात केला असता, याचा राग अजून जात नाही.

नवा बुश मेस्त्रींनी शेजारच्या लेथवर तासाभरात करून घेतला. ज्या गावात ओतकामापासून लेथपर्यंत सगळं हाताशी आहे, तिथं 'माल मिळत नाही' या वाक्याला मी भुललो! बुश, बोल्ट, स्क्रू परत बेतात सेट करणं, बॉक्समध्ये ९० नंबरचं तेल, सगळं मिळून साडेनऊशे रुपये.

शेडवाल्याकडं ट्यूबचा तुकडा घेऊन गेलो. आधी आवाज चढवला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावतो म्हटलं, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही हेही सांगितलं, तेव्हा खाली आला. माझ्या मोबाइलमध्ये यूपीआयची नोंद होतीच. साडेसहा हजार तिथंच परत केले.

बारा हजारांचं विचारलं तर म्हणाला, "कसलं बारा हजार? पावती दाखवा की."