टिळकवाडीतला रविवारचा वर्ग: खानापूरहून येण्यासारखा

आंतरराष्ट्रीय राजकारण मराठीतून शिकवणारा स्पर्धा परीक्षेचा वर्ग बेळगावात मिळाला, याचंच आधी समाधान. परक्या यादवीत बडी राष्ट्रं का उतरतात, हे सरांनी स्पेनवरून उलगडलं. १९३६ साली हिटलरने तिथल्या सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोला विमानं दिली. साम्यवादाचा विरोध होताच, पण स्पेनचं लोहखनिजही हवं होतं, वैमानिकांना सरावही. त्यातच १९३७ मध्ये जर्मन विमानांच्या बाँबफेकीत ग्वेर्निका हे स्पॅनिश गाव बेचिराख झालं. स्टालिनने फ्रँकोशी लढणाऱ्या प्रजासत्ताक सरकारला रणगाडे पाठवले आणि स्पेनचं सुमारे ५१० टन सोनं मॉस्कोला गेलं! मग सरांनी नकाशावर सीरियातल्या तार्तूसच्या रशियन नाविक तळावर बोट ठेवलं, तेव्हा तिथल्या यादवीतला रशियाचा २०१५ चा हस्तक्षेप लख्ख समजला. टिपणं मात्र फार पुसट, झेरॉक्सची झेरॉक्स. एवढी फी घेता, तर ती तरी वाचता येतील अशी द्या. खानापूरच्या मुलांनी जरूर यावं, परतीची बस मिळते.