२ टीबीची एसएसडी म्हणून ६४ जीबीचं कार्ड गळ्यात मारलं

ऑनलाइन मागवलेल्या एसएसडीत, म्हणजे फाइली साठवायच्या वेगवान ड्राइव्हमध्ये, ३,४९९ रुपये गेले. त्याची चीड आहेच, पण पैसे पुन्हा कमावता येतात. १२८ जीबी फोटो आणि व्हिडिओ गेले, ते आता कुठून आणू? आणि हे झालं माझ्या बाबतीत. ओळखीत कुणाचा लॅपटॉप अडला की पहिला फोन मला येतो. कुठला मोबाईल घ्यायचा, रॅम किती पुरेल, हे लोक मला विचारून ठरवतात. लिहायची लाज वाटते आहे, पण मी गप्प बसलो तर तोच विक्रेता उद्या नाव बदलून हाच डबा दुसऱ्या कुणाला तरी विकणार.

प्रकार काय असतो ते तुम्ही ऐकलं असेलच. ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, फर्मवेअरमध्ये (आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) खोटा आकडा भरून ठेवतात. कॉम्प्युटरने जागा विचारली की तो बिनदिक्कत दोन टीबी सांगतो. खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत जातं, आणि कॉपी होताना एकही एरर येत नाही. फाइलींची यादी सुरुवातीच्या जागेत शाबूत राहते, म्हणून नाव, साइज, तारीख सगळं नीट दिसतं. आत मात्र काहीच नसतं.

ड्राइव्ह रात्री लावली. धातूचं कव्हर, हातात चांगली वजनदार. विंडोजमध्ये प्रॉपर्टीज उघडल्या आणि समोर आकडा आला: १.९५ टीबी.

तिथेच थांबायला हवं होतं. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १ टीबीची ड्राइव्ह ९३१ जीबी दिसते आणि २ टीबीची १.८१ टीबी. "मला कमी जागा दिली, फसवलं" म्हणत येणाऱ्या किती जणांना मी हे कागदावर भागाकार करून समजावलं आहे. खरी २ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये १.९५ दाखवूच शकत नाही. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, मी तो वाचला, आणि मनात काय आलं? "वा, जागा जरा जास्तच दिली आहे." आजही रात्री झोप मोडली की तो निळा पट्टा आणि तो १.९५ दिसतो.

दुसरी खूण वेगाची. वर्णनात यूएसबी ३.२ आणि सेकंदाला १,००० एमबी लिहिलं होतं. कॉपी चालू होती २७ एमबीने. मी केबलला दोष दिला, केबल बदलली, पोर्ट बदलला, पुन्हा २७. हा वेग जुन्या यूएसबी २ वर चालणाऱ्या साध्या मेमरी कार्डाचा. एसएसडी इतकी रडत नाही.

मी आंधळेपणाने घेतली नव्हती, हेही सांगतो. ४.४ स्टार होते, हजारावर रिव्ह्यू होते. किंमत कमी होती, पण सवलतीचे दिवस होते आणि सगळंच स्वस्त दिसत होतं. नंतर जुने रिव्ह्यू एकेक करून वाचले तेव्हा सापडलं: "रंग छान आहे, फोनला घट्ट बसतं." म्हणजे त्याच पानावर आधी मोबाईलचं कव्हर विकलं, स्टार गोळा केले आणि मग फोटो आणि नाव बदलून ड्राइव्ह चढवली. नवे रिव्ह्यू आधी वाचा, एक स्टारचे तर नक्कीच. स्टारची सरासरी बघून काही विकत घेऊ नका.

त्या रात्री लॅपटॉपवर फक्त ६ जीबी जागा उरली होती आणि सकाळी कामासाठी तो मोकळा हवा होता. म्हणून १८७ जीबी कॉपी न करता थेट कट-पेस्ट केले. दुसरी प्रत ठेवा हे मीच सगळ्यांना सांगतो. ती प्रत करणार होतो, रविवारी.

अकराव्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, बाबांचा तो गातानाचा व्हिडिओ पाठव ना." फाइल होती, ४१२ एमबी, तारीख बरोबर. उघडेना. दुसरी उघडेना. एक फोटो अर्धा उघडला, वर भिंत आणि बाबांचं कपाळ, खाली सगळं राखाडी. तो व्हिडिओ हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला कच्चा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकला तर शून्यं, नुसती शून्यं, शेवटपर्यंत.

जे वाचत होतं ते आधी दुसरीकडे उतरवून घेतलं आणि मग एच२टेस्टडब्ल्यू हा ड्राइव्हची खरी जागा तपासणारा प्रोग्रॅम चालवला. ५९.४ जीबी ठीक, बाकी डेटा लॉस्ट. कव्हर उचकटलं तर आत नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड गोंदाने चिकटवलेलं आणि शेजारी लोखंडाची एक पट्टी, फक्त वजनासाठी. त्या पट्टीने माझ्या मनात जितका राग भरला तितका पैशांनीही नाही. कुणीतरी बसून विचार केला आहे की हातात घेणाऱ्याला ती भरीव वाटली पाहिजे.

लॅपटॉपवरून तरी परत मिळेल म्हणून फोटोरेक हा डिलीट झालेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम लावला. लॅपटॉपमध्येही एसएसडी, आणि एसएसडीवर ट्रिम चालू असतं, म्हणजे डिलीट झालेल्या जागा ती स्वतःच पुसून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर निदान आशा असते. इथे काही हाती लागलं नाही.

आता तक्रारीचं ऐका. परत करायची मुदत सात दिवस. कस्टमर केअरशी सहा वेळा चॅट केलं, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. स्क्रीनशॉट मागितले, पाठवले. उत्तर आलं, "सर, तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये १.९५ टीबी दिसत आहे, प्रॉडक्ट वर्णनाप्रमाणेच आहे." ज्या खोट्या आकड्याबद्दल तक्रार केली, तोच आकडा पुरावा म्हणून माझ्या तोंडावर फेकला! उघडलेल्या ड्राइव्हचा फोटो पाठवला तर म्हणे, कव्हर तुम्हीच उघडलंत, आता वॉरंटी नाही. विक्रेत्याने निरोप धाडला: रिव्ह्यू काढून टाका, ७०० रुपये परत देतो. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझा रिव्ह्यू "नियमांत बसत नाही" म्हणून गायब.

पोलिसांकडे गेलो. "वस्तू हातात मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी टेबलावर ती लोखंडी पट्टी ठेवली. साहेबांनी ती उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "किती गेले? साडेतीन हजार? इथे लाखांच्या केस पडल्यात." ऑनलाइन अर्ज भरा म्हणाले. अर्जात फसवणुकीचा प्रकार निवडायचा: ओटीपी, कार्ड, बँक, लिंक. खोटी वस्तू हा प्रकारच नाही! "इतर" निवडलं, बिल, फोटो, टेस्टचा रिपोर्ट जोडला. सोळा दिवसांनी मेसेज आला, तक्रार बंद, कारण "माहिती अपुरी". कुठली माहिती अपुरी ते सांगायला कुणी नाही, दिलेला नंबर उचलत नाहीत. माणसाने आणखी काय करायचं? असेच हजार जण साडेतीन-साडेतीन हजारांना बुडाले की त्यांचे लाखच होतात ना?

नवी ड्राइव्ह, पेनड्राइव्ह किंवा कार्ड आलं की काहीही टाकण्याआधी तपासा, आणि परतीच्या मुदतीत. व्हॅलिड्राइव्ह हा प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्हभर ५७६ ठिकाणी लिहून-वाचून बघतं, थोड्या वेळात काम होतं. एच२टेस्टडब्ल्यू प्रत्येक जागा भरून तपासतं, मोठ्या ड्राइव्हला अख्खी रात्र लागते, लागू द्या. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३ हा तसाच प्रोग्रॅम. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं "तुम्हीच उघडलंत" ऐकाल. आणि कट-पेस्ट कधीच नाही. कॉपी करा, चार फाइली मधूनच उघडून बघा, मगच जुनं पुसा.

अशी ड्राइव्ह आधीच वापरात असेल तर आज तिच्यावर नवं काही लिहू नका. उघडतं ते आधी दुसरीकडे काढून घ्या.

बाबांच्या व्हिडिओतले चाळीस सेकंद बहिणीच्या जुन्या फोनमध्ये मिळाले, तिला कधीतरी पाठवले होते म्हणून. पूर्ण व्हिडिओ सहा मिनिटांचा होता.