क्लाउनफिशची जोडी, १४ महिने आणि रोटिफरचे जार

भेटेल तो विचारतो, मासे कसे आहेत? मासे मजेत आहेत. माझा जीव अडकलाय तो मागच्या पडवीतल्या आणि खोलीतल्या मिळून चार जारांत, आणि त्यात एकही मासा नाही.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका गृहस्थांची बदली झाली, त्यांच्याकडून खाऱ्या पाण्यातल्या क्लाउनफिशची ही जोडी ३,००० रुपयांना घेतली. ऑसेलॅरिस जात, हॅचरीत जन्मलेली, जोडी आधीच जमलेली. दुकानातून दोन लहान पिल्लं बरीच स्वस्त पडली असती, पण ती वयात येऊन अंडी देईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज गेलं असतं. क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात. त्यातला दांडगा असेल तो पुढे मादी होतो. म्हणून लहान वयाचे दोन, एक मोठा आणि एक बारका, एकत्र सोडले की बहुधा जमतं. दोन तयार माद्या मात्र एका टाकीत ठेवू नका, एक दुसरीला जगू देणार नाही.

टाकी १०० लिटरची, स्पंज फिल्टर, हीटर, आणि अंड्यांसाठी मातीची एक कुंडी आडवी ठेवलेली. एवढंच. फोटोत दिसतो तो सी-अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागत नाही. प्रवाळ तर समुद्रातून उचलायचंच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. हीटर रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर शोभेलाच असतो. उलट मे महिन्यात पाणी ३१ वर गेलं, तेव्हा टाकीवर टेबलफॅन लावला. दोन अंश उतरले, पण पाणी भराभर उडायला लागलं आणि क्षारता चढली. रोज आरओचं गोडं पाणी वरून भरत होतो.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पाण्याची क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. आधी प्लास्टिकचा स्वस्तातला हायड्रोमीटर घेतला होता. तो १.०२५ दाखवायचा तेव्हा खरी घनता १.०२१ होती. तीन महिने मी त्याच्यावर विश्वास ठेवला, त्याचा राग अजून आहे.

समुद्र दाराशी असल्यामुळे मिठाचा खर्च वाचेल असा माझा हिशेब होता. अर्धा खरा ठरला. भाट्याला काजळीचं मुख आहे, तिथलं पाणी नको. बंदराच्या बाजूचंही नको. मी गणपतीपुळ्याच्या वाटेवर भरती पूर्ण चढल्यावर कॅन भरतो, घरी आणून क्लोरीन मारतो, दुसऱ्या दिवशी सोडियम थायोसल्फेटने तो उतरवतो आणि निवळलेलं वरचं पाणी घेतो. पावसाळ्यात हे बंद. जुलैमध्ये उत्सुकता म्हणून एक बाटली भरून आणली, चहासारखं पाणी आणि क्षारता हजारी फक्त २२. मेच्या शेवटी निळे ड्रम भरून ठेवले नसते तर तेव्हाच गाशा गुंडाळावा लागला असता.

फेब्रुवारीत पहिली अंडी दिसली. कुंडीच्या आतल्या बाजूला नारिंगी ठिपक्यांचा हातभर लांबून दिसेल असा डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी साफ. आईबापांनीच खाल्ली होती. दुसऱ्या खेपेलाही तेच. नव्या जोड्या असं करतात, घाबरू नका. तिसऱ्या खेपेपासून नर कामाला लागला. दिवसभर पंखांनी वारा घालायचा, मेलेलं अंडं तोंडाने उचलायचं. मी काचेला हात लावला की मादी अंगावर यायची. तेव्हापासून दर १२-१५ दिवसांनी अंडी येतात, त्यात खंड नाही.

अंडी आधी नारिंगी, मग तपकिरी, आणि शेवटी त्यात चंदेरी डोळे चमकतात. माझ्याकडे २८ अंशाला सातव्या रात्री फुटतात, तीही दिवा घालवल्यावर तास-दीड तासात. त्या संध्याकाळी कुंडी उचलून ४० लिटरच्या दुसऱ्या टाकीत ठेवायची आणि अंड्यांच्या बाजूला हवेचा दगड सोडायचा, म्हणजे बापाचं काम बुडबुडे करतात. ह्या टाकीच्या तिन्ही बाजूंना काळा कागद लावलाय, नाहीतर पिल्लं उजेडाकडे धावून काचेवर आपटत राहतात. पहिल्यांदा टॉर्चवर लाल कागद गुंडाळून पाहिलं, तर पाण्यात बारीक कुसळं थरथरत होती. तीन-चार मिलिमीटर. डोळे सोडले तर अंगात काहीच नाही.

त्या कुसळाच्या तोंडात मावेल असं अन्न म्हणजे रोटिफर, पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव, आणि खरी परीक्षा इथे. कुठल्याही पुडीतलं खाद्य पहिल्या आठवड्यात चालत नाही. रोटिफर जिवंत हवेत, आणि अंडी फुटण्याआधी तयार हवेत. त्यांना खायला नॅनोक्लोरोप्सिस नावाचं हिरवं शेवाळ. ते वाढवायला युरिया, अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट लागतं. घरात आंब्याला घालायला आणलेलं होतं, त्यातलंच चिमूटभर. माशांसाठी रोटिफर, रोटिफरसाठी शेवाळ, शेवाळासाठी आंब्याचं खत. घरातले हसतात, पण गाडी अशीच चालते.

शेवाळ कमी पडलं म्हणून एप्रिलमध्ये रोटिफरला यीस्ट घातलं. चालतं, पण हात जरा सैल सुटला. सकाळी जारांवर फेस आणि पडवीभर नासक्या आंबोळीच्या पिठाचा वास. दोन्ही जार गेले, मागोमाग पाच दिवसांची पिल्लं गेली. तेव्हापासून चार जार, दोन पडवीत, दोन खोलीत, आणि एकाचा मग दुसऱ्यात बुडवायचा नाही. रोटिफर गाळायला ५० मायक्रॉनची जाळी लागते. धोतराच्या चौघडीवर करून पाहिलं, वेळ वाया.

सहाव्या-सातव्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. त्यांची अंडी २४ तासांत फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात आणि उजेडाच्या बाजूला पिल्लं गोळा होतात, तिथून नळीने ओढायची. टरफल माशाच्या पिल्लाच्या पोटात गेलं तर अडकतं. दहाव्या दिवसाच्या आसपास माशांच्या पिल्लांच्या डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. पट्टा दिसला की मी सुटकेचा श्वास सोडतो, त्यानंतर फारशी मरत नाहीत.

पहिल्या जमलेल्या खेपेत साधारण ३०० पिल्लांतून चार जगली. आतापर्यंतची सगळ्यात चांगली खेप ११० ची. काहींचे पट्टे अर्धवट येतात, दुकानदार त्यांना नाक मुरडतो.

जूनमध्ये एका रात्री लाइट गेली ती सात तास. सेलवर चालणारा हवेचा पंप एकच होता. तो पिल्लांना दिला, आणि मोठ्या टाकीत पहाटेपर्यंत तांब्याने पाणी उपसून वरून ओतत बसलो. आई उठून आली आणि म्हणाली, "बांगडे आणायला सांगितलं की तुला पाऊस दिसतो, आणि ह्यांच्यासाठी रात्रभर जागतोस." दुसऱ्या दिवशी आणखी दोन पंप घेतले. ते आधी घ्या, टाकी नंतर.

पैशांचं विचाराल तर आजवर ४१,००० गेले. १३० पिल्लं १५० रुपयांप्रमाणे विकून १९,५०० आले. मधल्या एका दुकानदाराने ४० पिल्लांचे पैसे आठवडाभरात देतो म्हणून चार महिने लोटले, ते ह्यात धरलेले नाहीत. नोकरी सोडून ह्यात उतरायचं मनात असेल तर आधी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन चौकशी करा. मी पडवीवाला माणूस, मला दोन दिवस गावाला जायचं म्हटलं तरी जारांना खायला कोण घालणार हा प्रश्न पडतो. दिवाळीत बहिणीकडे गेलो तो एका दिवसात परत आलो.

आज सातवा दिवस आहे, कुंडीतले डोळे सकाळपासून चमकतायत. नऊला दिवे घालवायचे. त्याआधी बाजारात जाऊन बांगडे आणायचे आहेत, आईने दुपारपासून दोनदा आठवण केली.